गाठीच्या आत बसवलेला दिवा: उजेड किती, त्यापेक्षा किती वेळ

प्रश्न थोडक्यात असा आहे: तांदळाच्या दाण्याएवढा दिवा कॅन्सरच्या गाठीजवळ बसवतात, औषध देतात, बाहेरून वीज पाठवून दिवा लावला की औषध जागं होतं आणि गाठ मरते, असं वाचनात आलं. हे खरं आहे का? खरं असेल तर एवढा खटाटोप कशाला, बाहेरूनच जोरदार लेझर का मारत नाहीत? आणि जवळच्या माणसाच्या यकृतात गाठ आहे, त्याला हे आज मिळेल का?

मी डॉक्टर नाही. प्रकाश शरीरात पोचवणारी उपकरणं बनवणं आणि तपासणं हे माझं काम, आणि त्यात बरीच वर्षं गेली आहेत. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्यात कुणाचा तरी जीव अडकलाय. आत ठेवून द्यायचा, बिनतारी वीज घेणारा असा दिवा नेहमीचा उपचार म्हणून मिळत नाही. त्यावरचं काम मुख्यतः प्राण्यांवर झालंय. यकृतातल्या गाठींसाठी एलईडींची एक बारीक दांडी त्वचेतून आत सरकवून, तिची वायर बाहेर ठेवून उपचार करण्याच्या चाचण्या माणसांवर झाल्या होत्या. टॅलापॉर्फिन नावाचं औषध त्यात वापरलं होतं आणि काम तिसऱ्या टप्प्यापर्यंत गेलं होतं. पण ती पद्धत रोजच्या वापरात आली नाही. तेव्हा डॉक्टरांनी सुचवलेला उपचार या दिव्याच्या आशेवर थांबवू नका.

आता मूळ गोष्ट. या उपचाराला फोटोडायनॅमिक थेरपी म्हणतात, बोलताना आम्ही पीडीटीच म्हणतो. त्याला तीन गोष्टी लागतात: औषध, प्रकाश आणि ऑक्सिजन. लोकांचं सगळं लक्ष पहिल्या दोन गोष्टींकडे असतं आणि गाडी अडते ती तिसऱ्यापाशी. औषधाचा रेणू प्रकाश शोषतो आणि ती ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनला देतो. त्यातून सिंगलेट ऑक्सिजन हे अतिशय आक्रमक रूप तयार होतं. पेशीच्या आत ते काही मायक्रोसेकंदच टिकतं, त्यामुळे जिथे तयार झालं तिथेच जाळपोळ करतं, फार लांब जात नाही. म्हणून औषध शरीरभर पसरलेलं असलं तरी नुकसान फक्त उजेड पडलेल्या जागी होतं. या उपचाराचं सगळं सौंदर्य यातच आहे.

ही युक्ती जुनी आहे. १९०० च्या सुमारास म्युनिकमध्ये हेर्मान फॉन टापायनर यांचा विद्यार्थी ऑस्कर राब ॲक्रिडीन हा रंग पॅरामेशियम या एकपेशीय जिवांवर घालून बघत होता. तेवढ्याच औषधात कधी ते पटकन मरायचे, कधी बराच वेळ जगायचे. फरक औषधात नव्हता, त्या दिवशीच्या उजेडात होता. पुढे १९१२ मध्ये फ्रीडरिश मायर-बेट्झ या जर्मन डॉक्टरने स्वतःलाच हिमॅटोपॉर्फिरिन हे उजेडाने जागं होणारं औषध २०० मिलिग्रॅम टोचून घेतलं आणि उन्हात गेल्यावर चेहरा ओळखू येणार नाही इतका सुजवून घेतला. त्याला उजेडाचा त्रास पुढे दोन महिन्यांहून जास्त होत राहिला. ही गंमत म्हणून सांगत नाही, कारण हाच त्रास आज आत बसवायच्या दिव्यांच्याही मुळावर येतो. त्याकडे नंतर वळते.

बाहेरून लेझर का नाही, हे समजायला उपकरण लागत नाही. अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च तळहाताखाली धरा. बोटांच्या कडा लालबुंद दिसतात, पण हाडं दिसत नाहीत. पांढऱ्या उजेडातला निळा-हिरवा भाग रक्ताने खाल्ला, लाल तेवढा बाहेर आला, आणि तोही इतका विखुरला की आतली कोणतीही आकृती उरली नाही. शरीर प्रकाशाला काचेसारखं वाटत नाही, दुधासारखं वाटतं.

आता हिशोब करू. समजा लाल प्रकाश दर ३ मिलिमीटरला ३७ टक्क्यांवर येतो (ऊतीनुसार हा आकडा बदलतो, पण अंदाजाला ठीक आहे). १ सेंटीमीटर खोलीवर साडेतीन टक्के उरतात. ३ सेंटीमीटरवर लाखात साडेचार भाग. म्हणजे तेवढ्या खोल बसलेल्या गाठीला दर चौरस सेंटीमीटरला १ मिलिवॅट द्यायचा, तर त्वचेवर दर चौरस सेंटीमीटरला २२ वॅट ओतावे लागतील. सतत पडणाऱ्या लाल लेझरसाठी त्वचेची सुरक्षित मर्यादा साधारण ०.२ वॅट मानतात. शंभरपटीहून जास्त झालं हे. गाठीला मंद उजेड मिळायच्या आधी वरची कातडी भाजून निघेल. ‘जोरदार लेझर’ या कल्पनेचं काय होतं ते इथे कळतं.

यावर जुना आणि चांगला तोडगा आहे: फायबर. काचेच्या बारीक तंतूतून लेझर थेट आत न्यायचा. फोटोफ्रिन हे औषध आणि ६३० नॅनोमीटरचा लाल प्रकाश वापरून अन्ननलिकेतल्या गाठीवर असा उपचार करतात. औषध दिल्यावर ४० ते ५० तासांनी फायबर आत घालायचं आणि त्याच्या उजळणाऱ्या टोकाच्या प्रत्येक सेंटीमीटरमागे ३०० ज्यूल ऊर्जा साडेबारा मिनिटांत द्यायची. अमेरिकेत या उपचाराला १९९५ मध्ये मंजुरी मिळाली. युरोपात २०१७ मध्ये प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी पॅडेलिपॉर्फिन या औषधाला मंजुरी मिळाली. त्या मंजुरीत ७५३ नॅनोमीटरचा प्रकाश सव्वाबावीस मिनिटं द्यायचा होता. म्हणजे खोलीचा प्रश्न फायबरने बऱ्यापैकी सोडवलेला आहे.

मग आत बसवायचा दिवा कशाला? बातम्यांत भर असतो तो दिव्याच्या लहान आकारावर. खरं तर लहान दिवे नवे नाहीत. २०१३ मध्येच ५० मायक्रोमीटर लांबी-रुंदीचे एलईडी सुईसारख्या पट्टीवर बसवून उंदरांच्या मेंदूत घालून झाले होते. तो वेगळा विषय, चेतापेशी प्रकाशाने चालू-बंद करण्याचा. पीडीटीत आतला दिवा उपयोगी पडतो तो लहान आहे म्हणून नाही, तर तो मागे राहू शकतो म्हणून. फायबर बाहेर आलेलं असतं, तिथून जंतू शिरतात, माणूस पलंगाला बांधला जातो. त्यामुळे सगळा प्रकाश एकाच बैठकीत संपवावा लागतो. आणि इथे ऑक्सिजन आडवा येतो.

प्रखर प्रकाश पडला की प्रतिक्रिया इतक्या वेगाने होते की जवळच्या केशवाहिन्या ऑक्सिजन पुरवायच्या आतच तो संपतो. औषध आहे, उजेड आहे, पण जळायला काही उरलेलं नाही. पुढचा प्रकाश नुसता वाया जातो. त्यात रक्तवाहिन्यांनाही इजा होऊन पुरवठा आणखी आटतो. मुसळधार पावसाचं पाणी वाहून जातं, रिपरिप पाऊस जमिनीत मुरतो, तसंच हे आहे. तेवढेच ज्यूल सावकाश दिले तर दर ज्यूलमागे जास्त पेशी मरतात, हे प्रयोगांत अनेकदा दिसलंय. मंद उजेड दीर्घकाळ देण्याच्या या पद्धतीला मेट्रोनॉमिक पीडीटी म्हणतात.

याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण जपानमधलं आहे. २०१८ मध्ये वासेदा विद्यापीठ आणि जपानच्या संरक्षण वैद्यकीय महाविद्यालयाच्या गटाने एक छोटा एलईडी चिकट अतिपातळ पडद्यांमध्ये ठेवून उंदरांच्या त्वचेखाली, थेट गाठीवर चिकटवला. टाके घातले नाहीत. शिंपले ओल्या खडकाला ज्या रसायनाने चिकटतात, त्याच जातीचं पॉलिडोपामिन पडद्यावर लावलं होतं. वीज बिनतारी. उजेड दर चौरस सेंटीमीटरला १०० मायक्रोवॅटपेक्षाही कमी, म्हणजे नेहमीच्या पीडीटीच्या हजारांश भागाच्या आसपास, आणि तो सलग १० दिवस.

हा आकडा हास्यास्पद वाटतो, म्हणून गुणाकार करून बघा. १०० मायक्रोवॅट धरले तर १० दिवसांचे ८,६४,००० सेकंद म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला ८६ ज्यूल. १०० मिलिवॅटच्या लेझरने तेवढेच ज्यूल साडेचौदा मिनिटांत दिले असते. बेरीज तीच, पण मधल्या काळात रक्त दहा दिवस ऑक्सिजन आणत राहिलं. शिवाय त्या प्रयोगात हिरवा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा सरस ठरला. ‘लाल खोल जातो म्हणून लालच वापरा’ हे आमच्याकडचं पाठ झालेलं वाक्य. पण दिवाच गाठीवर बसलेला आणि गाठ पातळ असली, तर खोल जायचंच कुठे आहे? त्यांनी वापरलेलं फोटोफ्रिन हिरवा प्रकाश लालपेक्षा जास्त शोषतं, म्हणून तिथे हिरवा जिंकला. दिव्याची जागा बदलली की रंगाचं गणितही बदलतं.

याला खालची मर्यादाही आहे. उजेड फारच मंद झाला तर पेशी होणारं नुकसान दुरुस्त करत जगतात. ‘कमी म्हणजे चांगलं’ असा सरळ नियम नाही.

त्याच वर्षी सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या गटाने वेगळी वाट घेतली. त्यांचं उपकरण ३० मिलिग्रॅम वजनाचं आणि १५ घन मिलिमीटरचं. रेडिओ लहरींनी वीज पाठवून, ३ सेंटीमीटरपेक्षा जाड ऊतींपलीकडेही क्लोरिन ई६ हे औषध जागं करून दाखवलं. वर जो २२ वॅटचा हिशोब केला, तो याने सरळ बाजूला टाकला, कारण त्वचेतून प्रकाश पाठवायचाच नाही, वीज पाठवायची आणि तिचा प्रकाश आत करायचा. प्राण्यांमध्ये प्रकाशाचे अनेक डोस देऊन गाठीची वाढ रोखताही आली.

आता जिथे आमचे दिवस खरे जातात, त्या वीजपुरवठ्याबद्दल. आत बॅटरी ठेवली तर दिवा मोठा होतो, त्यामुळे बाहेर एक कॉइल म्हणजे तारेचं वेटोळं, आत एक कॉइल, आणि मध्ये चुंबकीय क्षेत्र. हे क्षेत्र कॉइलपासून दूर गेलं की अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतं. अंतर दुप्पट केलं तर क्षेत्र आठव्या भागावर येतं. आणि दोन्ही कॉइल समोरासमोर नसतील तर तेही मिळत नाही.

हे मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते दुधाच्या भांड्यात. पाणी घातलेलं दूध प्रकाश विखुरण्यात ऊतींच्या बऱ्यापैकी जवळ जातं, म्हणून कच्च्या चाचणीला आम्ही ते वापरतो. दिवा दोन सेंटीमीटर खोल धरला, कॉइल भांड्याखाली. संपूर्ण दूध गुलाबी-लाल उजळलं, आणि टेबलाभोवती सगळे खूश. मग कुणीतरी चिमटा किंचित फिरवला. उजेड कमी झाला. काटकोनात फिरवला तर भांडं पांढरं ते पांढरंच. दिवा बिघडला नव्हता, फक्त त्याने पाठ फिरवली होती. जिवंत प्राणी दिवसभर हेच करत असतो.

आमच्या एका प्रयोगात याची किंमत चुकवली. बाहेरचं यंत्र रोज चाळीस मिनिटं चालू होतं आणि वहीत आम्ही ‘४० मिनिटं प्रकाश दिला’ असं लिहीत गेलो. परिणाम काही जनावरांत चांगला, काहींत शून्य. औषधाच्या नावाने बोटं मोडून झाली. शेवटी लक्षात आलं की बाहेरून वीज पाठवली म्हणजे आत दिवा लागला असं होत नाही. तेव्हापासून माझा हट्ट असतो की आतल्या उपकरणाने स्वतःच्या उजेडाची नोंद परत बाहेर पाठवलीच पाहिजे. ज्या प्रयोगात तशी नोंद नाही, त्यातला ‘डोस’ हा शब्द मी शंकेनेच वाचते.

चुंबकीय कॉइलऐवजी ध्वनिलहरींनीही वीज पाठवता येते. अल्ट्रासाउंड ऊतींमधून खोल जातो आणि अगदी लहान स्फटिकावर एकवटता येतो. पण मध्ये हाड किंवा हवा आली की खेळ संपला. त्यामुळे फुप्फुसासाठी ते जवळजवळ बाद, यकृतासाठी विचार करण्याजोगं.

मग उष्णता. एलईडीला दिलेल्या विजेपैकी, समजा, ३० टक्क्यांचा प्रकाश झाला, तर उरलेली ७० टक्के तिथेच उष्णता बनते. आणि एक गोष्ट नवशिके हमखास विसरतात: तो ३० टक्के प्रकाशसुद्धा ऊतींनी शोषला की शेवटी बराचसा उष्णताच होतो. आत बसवायच्या उपकरणांच्या मानकानुसार बाहेरचा पृष्ठभाग शरीराच्या तापमानापेक्षा २ अंशांहून जास्त तापता कामा नये. मंद उजेडाचा इथे दुसरा फायदा होतो. एक मिलिवॅटचा लाल दिवा अर्ध्या सेंटीमीटरवर दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक मिलिवॅट देतो, आणि मेट्रोनॉमिकसाठी तेही भरपूर आहे. एवढ्याने काही तापत नाही. तापतात ती उपकरणं, ज्यांना फायबरची बरोबरी करायची घाई असते.

वेष्टनाबद्दल एवढंच सांगते की शरीर म्हणजे ३७ अंशांचं खारट पाणी, आणि ते चीर शोधत असतं. सिलिकोनमधून पाणी झिरपत नाही, पण पाण्याची वाफ आरपार जाते. आत कुठे हवेचा बुडबुडा राहिला असेल तर तिथे वाफेचं पाणी होतं आणि सोल्डरचा जोड गंजायला लागतो. भिंगाखाली बघितलं तर दोष अगदी साधा दिसतो: तांब्याच्या कडेला हिरवट ठिपका, आणि त्याच्या शेजारी टाचणीच्या टोकाएवढा बुडबुडा. अनेक लाल एलईडींत गॅलियमबरोबर आर्सेनिक असतं, त्यामुळे वेष्टन फुटणं हा नुसता दिवा विझण्याचा मामला नाही.

आता त्या मायर-बेट्झकडे परत येऊ. दिवा महिनाभर राहू शकेल, पण औषध? ते शरीरातून निघून जातं, प्रकाशाने स्वतःही विरतं. म्हणजे पुन्हा पुन्हा द्यायचं, किंवा बराच काळ टिकणारं वापरायचं. टिकणारं वापरलं तर त्वचाही तेवढाच काळ उजेडाला हळवी राहते. फोटोफ्रिनच्या एका डोसनंतरच किमान ३० दिवस ऊन आणि प्रखर दिवे टाळायला सांगतात. आतला दिवा १० दिवस चालवायचा म्हणजे माणसाला तितके दिवस आणि वर महिनाभर पडदे ओढून बसायला लावायचं. उंदीर तक्रार करत नाही. माझ्या मते या क्षेत्राचं घोडं आता दिव्यापाशी नाही, औषधापाशी अडलंय.

आणि गाठीचा आकार. एक दिवा भोवतालचा अर्धा सेंटीमीटर सांभाळतो असं धरा. ४ सेंटीमीटर व्यासाच्या गाठीची त्रिज्या २ सेंटीमीटर, म्हणजे दिव्याच्या आवाक्याच्या चौपट. घनफळ चौसष्टपट. कडा जुळवायला जास्तीचे सोडूनच द्या, किमान ६४ दिवे झाले. आवाका एक सेंटीमीटर मानला तर ८. उत्तर इतकं बदलतं, म्हणून ‘एक दाणा, एक गाठ’ हे चित्र मला फसवं वाटतं. मोठी गाठ दिव्यांनी मारण्यापेक्षा, शस्त्रक्रियेने ती काढल्यावर उरलेल्या पोकळीच्या कडा उजळत ठेवणं हे काम या दिव्यांना शोभणारं आहे. मेंदूतल्या ग्लायोब्लास्टोमा या कॅन्सरचं उदाहरण घ्या. तो परत उगवतो तेव्हा बहुतेक वेळा मूळ जागेपासून दोनेक सेंटीमीटरच्या आतच उगवतो. फ्रान्समधल्या लील इथे १० रुग्णांवर एक प्राथमिक चाचणी झाली. गाठ काढल्यावर पोकळीत फुगा ठेवून, त्यातल्या फायबरने त्याच बैठकीत प्रकाश दिला. तो प्रकाश कवटी बंद केल्यावरही पुढे देता आला, तर आतल्या दिव्याला अर्थ आहे. फक्त पोकळीत साकळलेलं रक्त विसरू नका. दिवा आणि पेशी यांच्यामध्ये त्याचा दोन मिलिमीटरचा थर आला, तर हिरवा प्रकाश तिथेच संपतो.

दिवाच नको, क्ष-किरण पडल्यावर चमकणारे कण वापरू, असाही एक प्रवाह आहे. कल्पना देखणी आहे, पण क्ष-किरणांचा स्वतःचा डोस मोजावा लागतो, आणि मग परिणाम नक्की कोणामुळे झाला यावर वाद सुरू होतो.

तुमच्या माणसाबद्दल पुन्हा. यकृतातल्या गाठीसाठी शस्त्रक्रिया, सुईने गाठ जाळणं, रक्तवाहिनीतून औषध सोडून तिचा पुरवठा बंद करणं, हे पर्याय आज खरोखर उपलब्ध आहेत. कोणता लागू पडेल हे गाठ मूळ यकृताची आहे की दुसरीकडून आलेली, आणि बाकीचं यकृत किती शाबूत आहे, यावर ठरतं. कुणी ‘प्रकाशाचा दिवा बसवतो’ असं सांगितलं, तर तो नोंदणीकृत चाचणीचा भाग आहे का हे आधी विचारा. मग औषध कोणतं, त्वचा किती दिवस जपायची, आत किती प्रकाश पडला हे ते कसं मोजतात, आणि काम झाल्यावर दिवा काढतात की तसाच ठेवतात, हेही विचारा. चाचणीत पैसे मागितले तर उठून बाहेर या.